बार्बेक्यू स्पर्धेत बघ्यांना स्मोकरपासून लांब कसं ठेवता?

हिकरीचा_धूर

नमस्कार मंडळी. कॅन्सस आणि मिझुरीत होणाऱ्या बार्बेक्यू स्पर्धांमध्ये आमची चौघांची टीम उतरते. दोघं मराठी, दोघं इथलेच शेजारी. मसाले, लाकूड, ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा मोठा तुकडा) यांवर इथे भरपूर लिहून झालंय, म्हणून त्यात शिरत नाही. मला विचारायचंय ते जागेबद्दल. स्पर्धेच्या दिवशी लोक थेट आत येतात, स्मोकरला, म्हणजे मांस धुरावर शिजवायच्या भट्टीला, खेटून उभे राहतात, झाकणाला हात घालतात. त्यांना न दुखावता बाहेर कसं थोपवायचं?

ज्यांनी अशी स्पर्धा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या, म्हणजे केसीबीएसच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धेत चार प्रकार असतात: चिकन, पोर्क रिब्ज (फासळ्या), पोर्क (खांद्याकडचं मांस) आणि ब्रिस्केट. आधी कच्च्या मांसाची तपासणी होते, आणि ती होईपर्यंत त्याला मीठमसाला लावायचा नाही. मग रात्रभर लाकडा-कोळशाच्या आचेवर शिजवायचं. गॅसवर किंवा विजेच्या शेगडीवर शिजवलेलं चालत नाही. शनिवारी साधारणपणे बाराला चिकन, साडेबाराला रिब्ज, एकला पोर्क आणि दीडला ब्रिस्केट परीक्षकांकडे पोचवायचं. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून पाच मिनिटं नंतरपर्यंत डबा घेतात. त्यानंतर आणला तर रात्रभराची मेहनत वाया.

आणि प्रेक्षकांची गर्दी नेमकी तेव्हाच होते. शनिवारी सकाळी अकरापासून दोनपर्यंत, म्हणजे आमच्या जिवाची घालमेल चालू असते त्याच वेळेत.

बाराला दहा कमी असताना आमच्या टेबलावर काय चाललेलं असतं ते सांगते. नऊ इंची पांढरा डबा उघडा, आत लेट्यूस आणि पार्सलीची हिरवी बैठक. त्यावर एकसारखे कापलेले चिकनचे सहा तुकडे बसवायचे, कारण टेबलावर परीक्षक सहा. एकाच्या हातात ब्रश, दुसऱ्याच्या हातात टॉर्च, सॉसची चकाकी सगळीकडे सारखी आलीय का ते बघायला. पानावर सॉसचा थेंब पडला तर तो टिपायचा. अशा वेळी खांद्यावरून एक डोकं आत येतं आणि विचारतं, "लाकूड कुठलं वापरता?" प्रश्न चांगला आहे. मला त्यावर तासभर बोलायला आवडेल. पण त्या मिनिटाला नाही.

अनोळखी लोकांचं एक वेळ जमतं. "सॉरी, आत्ता वेळ नाही" म्हटलं की ते हसून पुढे जातात. खरी पंचाईत आपल्या माणसांची. मंडळातल्या ओळखीच्या कुटुंबांना आम्ही स्पर्धेबद्दल आवर्जून सांगतो. ती दीड-दोन तास गाडी चालवून येतात, सोबत डब्यात चिवडा-लाडू आणतात आणि दोरी उचलून सरळ आत. "अगं, आम्हीच आहोत!" माझ्या हातात कच्च्या चिकनचे हातमोजे असताना काकू गळ्यात पडतात. काका कूलरवर बसतात, आणि त्या कूलरमध्ये शिजलेलं ब्रिस्केट गरम राहून मुरायला ठेवलेलं असतं. मुलं स्मोकरभोवती पकडापकडी खेळतात. यांना "बाहेर उभे राहा" कसं म्हणायचं? प्रेमाने आलेल्या माणसाला दोरी दाखवायला माझी जीभ रेटत नाही.

तुमची टीम उतरत असेल, तुम्ही परीक्षक असाल किंवा नुसते प्रेक्षक म्हणून जात असाल, तरी लिहा.

परीक्षक_मिझुरी

मी केसीबीएसचा प्रशिक्षण घेतलेला परीक्षक आहे. आमच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली, स्पर्धेच्या दिवशी परीक्षण संपेपर्यंत आम्हाला टीमच्या जागेत जाऊन गप्पा मारायची मनाई असते. मित्र असला तरी नाही. कुणाला त्यात अपमान वाटत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा आणि आधीच सांगितलेला. तुमच्या काका-काकूंनाही वेळ आदल्या आठवड्यातच सांगा. दारात आलेल्या माणसाला थांबवणं अवघड. "दोननंतर या, तेव्हा आम्ही मोकळे असतो" असं फोनवर सांगायला काहीच जड जात नाही.

दुसरी गोष्ट गुणांची. दिसणं, चव आणि मऊपणा या तिन्हींना आम्ही प्रत्येकी ९ ते २ गुण देतो, आणि त्यांना वेगवेगळं वजन असतं: दिसण्याला ०.५६००, चवीला २.२९७२, मऊपणाला १.१४२८. सहापैकी सर्वांत कमी गुण देणाऱ्या परीक्षकाचे गुण वगळतात. सगळं जमून आलं तर एका प्रकारात १८०. वरच्या क्रमांकांमधलं अंतर बहुतेकदा अगदी किरकोळ असतं. आणि डब्यात फॉइलचा तुकडा, टूथपिक असं काही परकं निघालं तर अपात्रतेचा १ मिळतो. डबा भरताना टेबलावर वाकणारा माणूस कितीही जवळचा असो, त्याला तिथे येऊ देऊ नका.

पुण्यातून_वाचतोय

गणपतीच्या महाप्रसादाला आमचे आचारी भट्टीजवळ अध्यक्षालाही फिरकू देत नाहीत. एकदा ओरडतात, विषय संपला. तिथे एवढा संकोच कशाला?

आणि एक भाबडा प्रश्न. आलेल्यांना एकेक तुकडा देऊन टाकला तर ते आपोआप पुढे जाणार नाहीत का?

हिकरीचा_धूर

@पुण्यातून_वाचतोय, आचाऱ्याचं ओरडणं मला मनापासून पटतं. पण इथे बऱ्याच ठिकाणी प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो, आणि त्याला धूर, लाकूड, माणसं बघायचीच असतात. त्याची अपेक्षा रास्त आहे. त्याने बघावं असंच मला वाटतं, फक्त चार पावलं लांबून.

तुकडा देण्याचं म्हणाल तर तसं करता येत नाही. लोकांना खायला घालायचं तर स्थानिक आरोग्य खात्याची परवानगी लागते, आणि स्पर्धेतल्या टीमकडे ती सहसा नसते. काही ठिकाणी 'पीपल्स चॉइस' म्हणून वेगळा कार्यक्रम असतो. त्यात आयोजक परवानगी काढतात आणि कूपन घेऊन लोक चव घेतात. एरवी प्रेक्षकांनी विक्रेत्यांच्या गाड्यांवरच खायचं. दर स्पर्धेत काहीजण हिरमुसतात, कारण एवढ्या वासात उभं राहून तोंडात काही पडत नाही, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं. आयोजकांनी प्रवेशद्वारावरच ठळक अक्षरांत लिहायला हवं.

ह्यूस्टनकर

आमच्याकडचा प्रकार फार वेगळा. ह्यूस्टनच्या रोडिओची बार्बेक्यू स्पर्धा १९७४ पासून चालू आहे, एनआरजी पार्कमध्ये अडीचशेहून जास्त टीम असतात आणि बहुतेक तंबूंमध्ये निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. मनगटावर पट्टी असेल तरच आत. साध्या तिकिटावर आलेल्यांना सार्वजनिक तंबूत सँडविचचं ताट मिळतं. म्हणजे बघ्यांचा प्रश्न दारातच मिटतो.

पण निमंत्रित पाहुण्यांचा प्रश्न उरतोच, आणि तो तुमच्या काका-काकूंसारखाच असतो. मी ज्या टीमला मदत करतो तिथे स्मोकर तंबूच्या मागे, लोखंडी कठड्यापलीकडे. गाणी, पेयं, खुर्च्या सगळं पुढे. पाहुण्याला मागे यावंसं वाटायला कारणच उरत नाही, कारण मजा पुढे असते. केसीबीएसच्या छोट्या स्पर्धांत जागा बेताची मिळते हे मला माहीत आहे, पण तत्त्व तेच ठेवा. नुसती दोरी बांधून भागत नाही. दोरीच्या बाहेर बसायला काहीतरी हवं. चार खुर्च्या, सावली आणि पेयांचा कूलर.

कूलरचं विशेष करून सांगतो. पेयांचा आणि मुरवणीचा कूलर एकसारखे असतात आणि शेजारीशेजारी ठेवलेले असतात, म्हणून लोक आत येतात. त्यांना ब्रिस्केटशी काही देणंघेणं नसतं, थंड सोडा हवा असतो. पेयांचा कूलर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवा, निम्मी वर्दळ तिथेच थांबेल. आणि मांसाच्या कूलरवर कधीच कुणाला बसू देऊ नका. झाकण हललं की आतली ऊब जाते. गरम मांस १४० फॅरनहाइटच्या वर राहायला हवं, तो नियम आपल्याला पाळायचाच असतो.

वाचनमात्र_खवय्या

कूलरचा मुद्दा पटला. +१

मिसिसिपीकाठी

मेम्फिसमध्ये तर परीक्षक स्वतः टीमच्या जागेत येतात, त्यामुळे आम्हाला जागा नुसती बंद करून चालत नाही, दाखवायचीही असते. 'मेम्फिस इन मे'ची स्पर्धा १९७८ पासून आहे. आधी टॉम ली पार्कात नदीकाठी व्हायची, २०२४ पासून लिबर्टी पार्कात होते. पूर्ण डुक्कर, शोल्डर आणि रिब्ज हे तिथले मुख्य प्रकार. बंद डब्यांचं परीक्षण असतंच, शिवाय परीक्षक आलटून पालटून जागेवर येतात. त्यांना स्मोकरपाशी न्यायचं, मांस कसं शिजवलं ते सांगायचं, टेबलावर बसवून खाऊ घालायचं. सगळं जेमतेम पंधरा मिनिटांत.

यातून आम्ही शिकलो ते असं की येणाऱ्याची वाट आखून ठेवायची. आमच्या जागेत रस्त्यापासून स्मोकरपर्यंत एकच वाट असते, दोन्ही बाजूंना कुंड्या आणि टेबलं. त्या वाटेवरून परीक्षक येतो आणि त्याच वाटेने बाहेर पडतो. कच्चं मांस, सुऱ्या, धुण्याच्या तीन बादल्या (साबणाची, साध्या पाण्याची, जंतुनाशकाची) हे सगळं वाटेच्या मागे, पडद्याआड. वाट रिकामी असली तर प्रेक्षक तीवर पाऊल टाकतोच. म्हणून वाटेच्या तोंडाशी आमचा एक माणूस उभा असतो. तो स्वयंपाकाला हात लावत नाही. लोकांशी बोलणं हे त्याचं पूर्ण वेळ काम, आणि त्याला सगळं माहीत असतं: लाकूड, वेळ, तापमान. तुमच्या टीममध्ये हे कोण करतं?

हिकरीचा_धूर

@मिसिसिपीकाठी, कुणीच नाही. चौघांचे आठही हात मांसात असतात. पण तुमचं वाचून मनात आलं की काकांनाच तिथे उभं करावं. त्यांना बोलायला आवडतं, शुक्रवारी संध्याकाळी सगळं समजावून दिलं तर ते आनंदाने करतील. आत येणारा माणूसच दारावर उभा राहील.

ओकचं_लाकूड

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

कॅन्सस सिटीच्या बार्बेक्यूचा उगम शोधायला गेलं तर हेन्री पेरी यांच्यापाशी पोचतो. १९०८ च्या सुमारास त्यांनी शहरात धुरावर शिजवलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकायला सुरुवात केली. १९४० मध्ये ते गेल्यावर त्यांच्याकडे काम करणाऱ्या चार्ली ब्रायंट यांनी धंदा सांभाळला, आणि चार्लींनंतर त्यांचे भाऊ आर्थर यांनी. बार्बेक्यूचाच धंदा करणाऱ्या गेट्स कुटुंबाच्या पिटवरही (भट्टीवरही) पेरींच्या हाताखाली तयार झालेला माणूस होता. ही विद्या आगीशेजारी उभं राहून एकाकडून दुसऱ्याकडे गेली. कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती.

मी स्वतः असाच शिकलो. एका स्पर्धेत एका वयस्कर पिटमास्टरने मला आत बोलावलं, फायरबॉक्सचं (जाळाच्या पेटीचं) दार उघडून दाखवलं आणि सांगितलं, "धूर बघ. पांढरा दाट असेल तर थांब. पातळ, निळसर झाला की मांस ठेव." त्याने मला दोरी दाखवली असती तर आज माझ्या अंगणात स्मोकर नसता. आपल्या लोकांना तर इथे आधीच परकं वाटतं. त्यात कुंपणं वाढली तर उद्या नव्या टीम येणार कुठून?

हिकरीचा_धूर

@ओकचं_लाकूड, राग कसला. तुमचा प्रतिसाद मी टीममधल्या सगळ्यांना वाचून दाखवला.

त्या पिटमास्टरने तुम्हाला कधी बोलावलं ते आठवतं का? माझा अंदाज आहे की शनिवारी बारा वाजता नक्की नाही.

ओकचं_लाकूड

शुक्रवारी संध्याकाळी. बरोबर ओळखलंत.

हिकरीचा_धूर

माझं म्हणणं तेवढंच आहे. शुक्रवारी तपासणी झाली, ट्रिमिंग उरकलं, मसाला लागला की आग पेटवेपर्यंत आणि नंतर सगळं शांत होईपर्यंत आमच्याकडे दोनेक तास असतात. तेव्हा कुणीही यावं. मी लाकूड हातात देते, हिकरी आणि सफरचंदाच्या लाकडाचा वास वेगवेगळा घ्यायला लावते. ब्रिस्केटचं तापमान दीडशे-एकशे सत्तर फॅरनहाइटच्या दरम्यान तासन्‌तास अडकून का बसतं ते सांगते. पृष्ठभागावरचा ओलावा उडतो आणि मांस थंड करत राहतो, म्हणून आपण ते कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतो. हे ऐकताना लोकांचे डोळे चमकतात आणि मलाही फार बरं वाटतं. शिकवायला माझी कधीच ना नाही. पण शनिवारी अकरा ते दीडमध्ये तोच माणूस तोच प्रश्न घेऊन आला, तर त्याला उत्तर धड मिळत नाही आणि आमचा डबाही धड भरत नाही.

ओली_पट्टी

मी भाजलेल्या रुग्णांच्या विभागात परिचारिका आहे. डबे आणि गुण यांतलं मला कळत नाही, पण मूळ पोस्टमधलं "मुलं स्मोकरभोवती पकडापकडी खेळतात" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

ऑफसेट स्मोकरचा फायरबॉक्स म्हणजे बाजूला, खालच्या अंगाला असलेली जाड लोखंडी पेटी. ती लहान मुलाच्या छाती-हाताच्या उंचीवर येते. आत जाळ असताना बाहेरून ती नुसती काळी दिसते. लाल होत नाही, ज्वाळा दिसत नाहीत. मोठ्या माणसाला उष्णतेची धग आधी जाणवते आणि तो थबकतो. धावत्या मुलाला तेवढा अवधी मिळत नाही. तोल जाऊन ते दोन्ही तळवे टेकवतं. तळहात आणि बोटांचं भाजणं फार त्रासाचं, कारण बरं होताना कातडी आखडते आणि मूठ नीट उघडत नाही.

म्हणून कृपया स्मोकरभोवती सगळीकडून निदान तीन फूट मोकळी जागा ठेवा, आणि ती दोरीने नको, कठड्याने किंवा टेबलांनी अडवा. दोरीखालून मूल सहज जातं. मांडवाच्या ताणदोऱ्यांना रंगीत चिंध्या बांधा, कारण त्याला अडखळून माणूस नेमका आगीच्या दिशेने पडतो. राखेची बादली झाकणाची आणि धातूचीच हवी, आणि ती प्रेक्षकांच्या बाजूला नको.

भाजलंच तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, लोणी नको. अंगठी, बांगडी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजलं असेल तर डॉक्टरांना दाखवाच. चरबी पेटली तर पाणी ओतू नका. अग्निशामक नळकांडं नियमाप्रमाणे ठेवलेलं असतंच, पण ते कुठल्या कोपऱ्यात आहे हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत आहे ना, एवढं आधी बघा.

ह्यूस्टनकर

@ओली_पट्टी, मनापासून आभार. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

दुरून_वास_घेणारी

मी नुसती प्रेक्षक म्हणून जाते, म्हणून बघणाऱ्याच्या बाजूने लिहिते. आम्हाला कळत नाही हो, हद्द कुठे संपते ते. गवतावर मांडव उभे असतात, लोक ये-जा करत असतात, तुमच्या टीमचे मित्रही आतबाहेर करत असतात. आपणही गेलं तर चालेल असं वाटतं. मला एका टीमची युक्ती फार आवडली. पुढच्या टेबलावर त्यांनी लाकडाचे तुकडे नावासकट मांडले होते, एका जुन्या थर्मामीटरच्या डब्यावर स्मोकरचं चालू तापमान दिसत होतं, आणि पाटीवर लिहिलं होतं: "आत्ता शिजतंय: ब्रिस्केट. कधीपासून: रात्री अकरा. गप्पा मारायला आम्ही दोननंतर मोकळे." मी तिथे बराच वेळ उभी राहिले, पण आत जावंसं वाटलं नाही. बघायचं होतं ते सगळं बाहेरच होतं. दोननंतर परत गेले तर त्यांनी खुर्ची दिली.

हिकरीचा_धूर

@दुरून_वास_घेणारी, तुमच्या प्रतिसादासाठीच बहुधा हा धागा काढला होता. पाटी उद्याच रंगवायला घेते, इंग्रजीत आणि मराठीतही.

पुढच्या स्पर्धेची मांडणी टीमशी बोलून अशी ठरली आहे. स्मोकर मागच्या कडेला, फायरबॉक्सचं तोंड प्रेक्षकांपासून उलट दिशेला. शेजारच्या टीमशी बोलून दोघांचे स्मोकर पाठीला पाठ लावून ठेवणार, म्हणजे मागून वाटच राहणार नाही. मध्ये तयारीचा मांडव. पुढे दोन लांब टेबलं आडवी, त्यांवर लाकडाचे तुकडे आणि पाटी. पेयांचा कूलर आणि खुर्च्या टेबलांच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला. काका दारावर. काकूंना फोन करून सांगितलं की दीडचा डबा गेला की घरच्या माणसांसाठी वेगळं शिजवलेलं पोर्क काढते, पोळ्या तुम्ही आणा. त्यांना काहीही वाईट वाटलं नाही. उलट म्हणाल्या, "आधीच सांगितलं असतंस तर दोन तास उशिरा निघालो असतो, ऊन तरी लागलं नसतं."

एकच शंका राहिलीये. त्या शनिवारी पावसाचा अंदाज आहे. मांडवाला चारी बाजूंनी पडदे लावले तर पाऊसही अडेल आणि बघेही. चालेल ना?

मिसिसिपीकाठी

अजिबात नको! पेटता कोळसा किंवा लाकूड आत असलेला मांडव चारी बाजूंनी कधीच बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास, आणि रात्री खुर्चीत डुलकी लागलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. रात्री आरव्हीत (राहण्याच्या गाडीत) किंवा तंबूत झोपत असाल तर तिथे त्याचा अलार्म बसवा. स्मोकर मांडवाबाहेर ठेवा, पाऊस त्याला सोसतो, थोडं लाकूड जास्त लागेल एवढंच.

हिकरीचा_धूर

बरं झालं विचारलं. मग स्मोकर उघड्यावरच. पडदा फक्त तयारीच्या मांडवाला, तोही वाऱ्याच्या बाजूने एकच. अलार्म आजच मागवते. जागेचा नकाशा काढून रविवारपर्यंत इथे टाकते, फायरबॉक्सच्या बाजूच्या अंतराबद्दल @ओली_पट्टी यांनी एकदा नजर टाकावी.